फक्त यकृतापुरतं गैरहजर



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या सरांनी मला बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवलं. स्तुती त्यांना सोसत नसे, म्हणून एकच आठवण सांगतो. हजेरी घेताना एखादा मुलगा नसला की मान वर न करता ते विचारायचे, "तो नाही, मग आज वर्गात काय कमी आहे?" कुणी म्हणायचं, गोंगाट. कुणी म्हणायचं, मागच्या बाकावरचं हसू. एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, खडू. ऑफिसातून खडू तोच आणतो." सर इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी हजेरीच पुरी केली नाही. पुढे माझी कामाची सगळी वर्षं ह्याच प्रश्नात गेली. वर्गाच्या जागी उंदराचं यकृत आलं आणि मुलाच्या जागी जनुक, एवढाच काय तो फरक.

कार्यक्रमपत्रिकेवर विषयाचं नाव ‘ऊतिविशिष्ट जनुक-निष्कासन’ असं छापलंय. ते वाचूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार मानतो. प्रयोगशाळेत आम्ही साधं ‘लिव्हर नॉकआउट’ म्हणतो. नॉकआउट म्हटलं की कबड्डीचे सामने आठवतात. इथे बाद होतं ते जनुक, आणि तेही एकाच अवयवातून.

तो अवयव आधी नीट ओळखून घेऊ. ‘काळीज’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात काळीज मागा, दुकानदार हृदय देत नाही, यकृत देतो. शब्दापुरतं बोलायचं तर खाटीक बरोबर आहे आणि आपले कवी चुकलेत. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला हा साधारण दीड किलोचा अवयव. जेवणानंतर आतड्यातून निघालेलं रक्त आधी इथे येतं आणि मग बाकीच्या शरीरात जातं. आलेली साखर ग्लायकोजेन करून साठवायची, रात्री पोट रिकामं झालं की तीच पुन्हा रक्तात सोडायची, चरबी बांधून बाहेर पाठवायची, पित्त तयार करायचं, रक्तातलं अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारी बरीचशी प्रथिनं घडवायची, अमोनियाचा युरिया करायचा, औषधांची विल्हेवाट लावायची. एवढं करून वर त्याचा दोन तृतीयांश भाग कापला तरी ते भरून येतं. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांच्या मोठ्या भावावर, म्हणजे रॅटवर, हा प्रयोग बसवला. आठवडा-दहा दिवसांत यकृत पुन्हा मूळ वजनाच्या आसपास येतं.

एकत्र कुटुंबातली एखादी आजी असते. स्वयंपाक तिचा, दुधाचा हिशेब तिचा, औषधाचा डबा तिचा, भांडणं मिटवणंही तिचंच. ती चार दिवस गावाला गेली की घरात काय काय बंद पडतं ते कळतं. पण सगळं एकदम बंद पडतं, ही यातली अडचण. तिच्या कोणत्या गुणामुळे कोणतं काम चालत होतं, हे तिच्या नसण्यातून कळत नाही. यकृताचंही तसंच आहे. अवयव काढून फारसं शिकता येत नाही, कारण प्राणी मरतो. त्यातलं एकेक जनुक काढावं लागतं.

उंदरातलं ठरावीक जनुक काढण्याची विद्या तीन माणसांच्या कामातून आली. १९८१ साली केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी उंदराच्या अगदी कोवळ्या भ्रूणातून मूलपेशी काढून काचेच्या बशीत वाढवल्या. त्याच वर्षी गेल मार्टिन यांनीही स्वतंत्रपणे ते केलं. या पेशींचं वैशिष्ट्य असं की बशीत त्यांच्यात फेरफार करून पुन्हा भ्रूणात सोडल्या तर त्यांच्यापासून उंदराचा कोणताही भाग बनू शकतो, बीजपेशीसुद्धा. म्हणजे फेरफार पुढच्या पिढीत जातो. दुसरीकडे ऑलिव्हर स्मिथीज आणि मारिओ कापेक्की पेशीतल्या लाखो जागांमधून एकच जागा हेरून तिथला डीएनए बदलायच्या मागे होते. स्मिथीजना १९८५ साली मानवी पेशींत ते जमलं, कापेक्की आणि कर्क थॉमस यांना १९८७ साली उंदराच्या मूलपेशींत.

कापेक्कींची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८० साली त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे अनुदानासाठी अर्ज केला. त्यात तीन प्रकल्प होते. परीक्षकांना दोन आवडले. तिसरा, म्हणजे हाच, होण्यासारखा नाही म्हणून सोडून द्या, असा त्यांनी सल्ला दिला. पैसे मिळाले, आणि कापेक्कींनी त्यातले बहुतेक तिसऱ्यावरच खर्च केले. चार वर्षांनी पुन्हा अर्ज केला तेव्हा परीक्षकांनी लिहिलं की आमचा सल्ला तुम्ही ऐकला नाहीत याचा आम्हाला आनंद आहे. २००७ सालचं वैद्यकाचं नोबेल इव्हान्स, स्मिथीज आणि कापेक्की यांना मिळालं. आपल्याकडे अनुदानाचा पैसा मंजूर शीर्षकाखाली न खर्चता शेजारच्या शीर्षकाखाली खर्चला तर पुढे काय होतं, हे सभागृहातल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको.

या पद्धतीने बनवलेल्या उंदरात जनुक शरीरभर गैरहजर असतं. इथेच यकृतवाल्यांची पंचाईत झाली. यकृतात महत्त्वाची असणारी जनुकं इतरत्रही महत्त्वाची असतात. इन्शुलिनचा रिसेप्टर घ्या. पेशीच्या अंगावरची ही कडी इन्शुलिन वाजवतं. १९९६ साली तो संपूर्ण शरीरातून काढलेले उंदीर जन्मले आणि काही दिवसांतच मधुमेहाने मेले. यकृतपेशींची घडण सांभाळणारं एचएनएफ-४-अल्फा हे जनुक काढलं तर भ्रूण यकृत बनण्याआधीच नष्ट होतो. मेलेल्या भ्रूणाला तुम्ही विचारणार तरी काय? जनुक आवश्यक आहे, एवढं एकच उत्तर मिळतं. कुठे आवश्यक, कधी, कशासाठी, यातलं काही हाती लागत नाही.

यातून सुटायचा रस्ता एका विषाणूने दाखवला. जिवाणूंना ग्रासणारा पी-वन नावाचा विषाणू आहे. त्याच्याकडे ‘क्री’ नावाचं एक प्रथिन असतं. ‘लॉक्स-पी’ नावाचा ३४ अक्षरांचा डीएनएचा मजकूर त्याला ओळखता येतो: दोन बाजूंना तेरा-तेरा अक्षरं, एकमेकांच्या उलट, आणि मधे आठ. असे दोन लॉक्स-पी एकाच दिशेने तोंड करून बसले असतील तर क्री त्यांच्या मधला तुकडा वेटोळं करून काढून टाकतं आणि कापलेली टोकं सांधून देतं. मागे एकच लॉक्स-पी राहतो. विषाणूला हे स्वतःच्या सोयीसाठी लागतं. ब्रायन सॉअर यांनी १९८७ साली ते यीस्टमध्ये आणि १९८८ साली सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालतं हे दाखवलं. मला आजही याचं नवल वाटतं. उंदराच्या पेशीने जन्मात न पाहिलेलं हत्यार, आणि कुणाचीही मदत न घेता ते तिथे जसंच्या तसं चालतं.

आता युक्ती बघा. आपल्याला हव्या त्या जनुकाच्या एखाद्या महत्त्वाच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना, जनुकाच्या कामात अडथळा येणार नाही अशा जागी, एकेक लॉक्स-पी बसवायचा. अशा जनुकाला ‘फ्लॉक्स्ड’ म्हणतात. हा उंदीर अगदी धडधाकट असतो. दुसऱ्या उंदरात क्रीचं जनुक घालायचं, पण त्याच्या पुढे अल्ब्युमिनच्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे त्या जनुकाची कळ, जोडायची. अल्ब्युमिन बनवण्याचं काम जवळजवळ यकृतपेशींचंच, त्यामुळे ही कळ तिथेच दाबली जाते. दोघांचं मीलन करायचं. पुढच्या पिढ्यांत ज्या पिल्लात दोन्ही गोष्टी येतील त्याच्या मेंदूत, स्नायूत, मूत्रपिंडात क्रीची कात्री असते पण बंद डब्यात. यकृतात डबा उघडतो आणि जनुक कापलं जातं. क्लाउस राजेव्हस्की यांच्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १९९४ साली याच रीतीने पेशींच्या एकाच जातीतून, टी-पेशींतून, जनुक काढून दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी कात्रीला वेळेचं बंधनही घातलं. इंटरफेरॉन टोचल्यावरच उघडेल असा डबा त्यांनी केला आणि ती कापणी सगळ्यात पूर्ण झाली ती यकृतात. अल्ब्युमिनची कळ बसवलेला उंदीर व्हँडरबिल्ट विद्यापीठात मार्क मॅग्नसन आणि कॅथरिन पोस्टिक यांनी केला. आज जगातल्या यकृताच्या शेकडो प्रयोगशाळांत त्याचे वंशज फिरत असतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. हिशेब केला की कळतं. प्रयोगाच्या उंदरात जनुकाच्या दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असायला हव्यात, एक राहिली तर काम चालत राहतं. पहिल्या मीलनातल्या सगळ्या पिल्लांत एकच फ्लॉक्स्ड प्रत येते आणि निम्म्यांत क्री. त्यांतली क्रीवाली पिल्लं मोठी करून पुन्हा शुद्ध फ्लॉक्स्ड उंदरांशी जुळवायची, तेव्हा चारात एक पिल्लू हवं तसं निघतं. गर्भारपण तीन आठवड्यांचं, दूध तोडायला आणखी तीन आठवडे, वयात यायला सहा ते आठ आठवडे. एका वेतात सहा-आठ पिल्लं. प्रयोगाला सारख्या वयाचे दहा नर हवे असतील तर किती पिंजरे लागतील याचं गणित मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी घालतो, कारण त्याने हौशी विद्यार्थी आपोआप गळतात. कोणतं पिल्लू कोणतं, हे पाहून कळत नाही. कानाला बारीक भोक पाडतात, तो कण पीसीआर या डीएनए-चाचणीला देतात आणि जेलवर पट्टी कुठे दिसते ते बघतात. सकाळी जेलचा फोटो बघून दिवस कसा जाणार ते ठरतं.

आणि फ्लॉक्स्ड उंदीर मुळात नसलाच तर? पूर्वी मूलपेशींपासून सुरुवात करून वर्ष-दोन वर्षं जायची. आता क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने हे काम झटपट होतं असं तुम्ही ऐकलं असेल. जनुक मोडायचं असेल तर होतं. दोन लॉक्स-पी एकाच जनुकाच्या दोन बाजूंना अचूक बसवायचे असतील तर तितकं सोपं नाही. वीस प्रयोगशाळांनी मिळून पन्नासहून जास्त जनुकांवर एक सोपी समजली जाणारी रीत पारखली आणि २०१९ साली निकाल छापला: यश एक टक्क्यालाही पोचलं नाही. न जमलेल्या प्रयोगाचा असा जाहीर हिशेब विज्ञानात क्वचित मांडला जातो. मला तो शोधनिबंध फार आवडतो.

एवढा खटाटोप करून हाती काय आलं ते आता सांगतो.

ग्लुकोकायनेज हे साखर ओळखणारं एन्झाइम. ते शरीरभर काढलं तर पिल्लं जन्मल्यावर काही दिवसांतच तीव्र मधुमेहाने मरतात. ते यकृतात असतं आणि स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतही. मग मृत्यूला जबाबदार कोण? पोस्टिक आणि मॅग्नसन यांनी १९९९ साली दोन वेगळे उंदीर बनवून निकाल लावला. फक्त बीटा पेशींतून काढलेले उंदीर काही दिवसांत मेले. फक्त यकृतातून काढलेले जगले. त्यांच्या रक्तातली साखर थोडीशीच चढलेली होती, मात्र साखर भरपूर दिली तर यकृताला तिचं ग्लायकोजेन नीट करता येत नव्हतं. एकच जनुक दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करत होतं, आणि शरीरभर काढल्यावर मोठ्या कामाच्या आवाजात लहान काम ऐकूच येत नव्हतं.

मग इन्शुलिनचा रिसेप्टर. बॉस्टनच्या जॉसलिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने १९९८ साली तो स्नायूंतून काढला. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात, तेव्हा हे उंदीर मधुमेही होणार अशी सगळ्यांची अटकळ होती. झालं उलटं: रक्तातली साखर जवळजवळ सामान्य राहिली, चरबी मात्र वाढली. २००० साली त्याच गटाने रिसेप्टर यकृतातून काढला. लेखकांच्या यादीतलं रोहित कुलकर्णी हे नाव ऐकून इथल्या श्रोत्यांचे कान टवकारतील. या उंदरांत इन्शुलिन पुष्कळ होतं आणि तरी यकृत साखर सोडतच राहिलं. रक्तातलं इन्शुलिन कितीतरी वाढलं, कारण एकीकडे स्वादुपिंड जास्त बनवत होतं आणि दुसरीकडे ते संपवणारं यकृतच बहिरं झालं होतं. स्वादुपिंडातली इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची बेटं सुजल्यासारखी मोठी झाली. यकृतातलं एक जनुक काढलं आणि स्वादुपिंड वाढलं! यकृताकडून स्वादुपिंडाला काहीतरी निरोप जात असणार, असा माग लागला. २०१६ साली कुलकर्णी यांच्या गटाने त्यांपैकी एक निरोप्या पकडला, सर्पिन-बी-वन नावाचं प्रथिन.

याच उंदरांनी आणखी एक कोडं घातलं आणि ते आपल्या घराजवळचं आहे. टाइप-टू मधुमेहात यकृत इन्शुलिनला दाद देत नाही असं आपण म्हणतो. मग यकृतात रिसेप्टरच नसलेल्या उंदराचं चित्र मधुमेह्यासारखं दिसायला हवं: साखर जास्त, यकृत चरबीने माखलेलं, रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त. साखर जास्त होती. ट्रायग्लिसराइड कमी होते. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी २००८ साली या विसंगतीवर बोट ठेवलं. मधुमेह्याचं यकृत पूर्ण बहिरं नसतं. ‘साखर सोडणं थांबव’ हा इन्शुलिनचा हुकूम ते ऐकत नाही. ‘चरबी बनव’ हा हुकूम मात्र ऐकत राहतं. असा निवडक बहिरेपणा आपल्या ओळखीतल्या काही माणसांतही आढळतो. पण गंमत बाजूला ठेवू. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार अशा आपल्या लोकांत यकृतात चरबी का साचते, ह्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या बॉस्टनच्या उंदरांत आहे. उरलेलं अर्धं उंदीर देऊ शकणार नाहीत. त्यासाठी याज्ञिकांनी केलं तसं आईच्या गरोदरपणापासून माणसांकडेच बघावं लागतं.

‘फक्त यकृतातून’ असं मी इतका वेळ म्हणतोय, पण त्यात थोडी लबाडी आहे. यकृत ही एक जात नव्हे, गाव आहे. यकृतपेशी बहुसंख्य, पण त्यांच्याबरोबर पित्तनलिकांच्या पेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या असतात, जंतू आणि कचरा गिळणाऱ्या कुप्फर पेशी असतात आणि ‘अ’ जीवनसत्त्व साठवणाऱ्या ताऱ्यासारख्या पेशी असतात. सिरोसिसमध्ये यकृतात जो व्रण पडतो, त्याचे तंतू कोण विणतं यावर वर्षानुवर्षं भांडण होतं. २०१३ साली फक्त ताऱ्यासारख्या पेशींत चालणारं क्री वापरून त्यांचे वंशज रंगवले गेले. वेगवेगळ्या प्रकारच्या इजांत तंतू विणणाऱ्यांपैकी ८२ ते ९६ टक्के याच पेशींपासून आलेले निघाले. भांडण जवळजवळ मिटलं.

गावात कुठल्या आळीतून जनुक काढलं, यावर उत्तर पार उलटू शकतं. याचा माझ्या माहितीतला सर्वांत झणझणीत दाखला २००५ सालचा, सॅन डिएगोतल्या मायकेल कारिन यांच्या प्रयोगशाळेतला. आयकेके-बीटा हे दाह पेटवणाऱ्या यंत्रणेतलं जनुक. दाहातून कर्करोग होतो हे माहीत होतं, तेव्हा हे काढलं तर यकृताचा कर्करोग कमी होईल असं वाटत होतं. यकृतपेशींतून काढलं आणि कर्करोग घडवणारं रसायन दिलं, तर गाठी वाढल्या. मग यकृतपेशी आणि रक्तातून आलेल्या पेशी, म्हणजे कुप्फर पेशीही, दोन्हींतून काढलं, तर गाठी कमी झाल्या. हे जनुक नसलं की यकृतपेशी विषाला जास्त बळी पडतात आणि मरतात. मेलेल्यांची वर्दी कुप्फर पेशींना मिळते, त्या वाढीचे संदेश सोडतात, उरलेल्या जखमी पेशी घाईने विभागतात आणि त्या घाईत कर्करोग रुजतो. कुप्फर पेशींतूनही जनुक काढलं की संदेशच जात नाही. उद्या एखाद्या औषधाने हे प्रथिन रोखायचं ठरलं, तर ते औषध यकृतात कुणाकडे पोचतं यावर ते तारेल की मारेल हे ठरेल.

फसगतीही होतात. माझीच सांगतो. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मी पहिला नॉकआउट केला तेव्हा अधीर झालो होतो. पिल्लं आईपासून तोडली आणि लगेच यकृत तपासलं. प्रथिन अजून दिसत होतं, फिकट पण स्पष्ट. तीन महिने मी प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला दोष दिला, मग फ्रीजला, मग शेजारच्या बाकावरच्या मुलाला. पोस्टिक आणि मॅग्नसन यांनी २००० सालीच लिहून ठेवलं होतं की अल्ब्युमिन-क्रीने जन्माच्या वेळी सुमारे ४० टक्के, दूध तोडताना सुमारे ७५ टक्के आणि सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्ण कापणी होते. मी तो लेख वाचला होता. आकडे मात्र वाचले नव्हते. शेजारच्या मुलाची माफी मागितली. त्याने ती कॉफीच्या मोबदल्यात मंजूर केली.

याहून खोल खड्डा उंदराच्या वंशात असतो. आमच्या बहुतेक कामाचा पाया सी-५७-ब्लॅक-६ नावाचा काळा उंदीर. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या माजी शिक्षिकेने हौशी लोकांना विकण्यासाठी उंदीर पाळले होते. हा त्यांचा वंशज. मूलपेशी मात्र बहुधा ‘१२९’ नावाच्या दुसऱ्या वंशातून घेतल्या जायच्या. तिथून बदललेलं जनुक काळ्या वंशात आणायला दहा पिढ्यांचं मीलन करावं लागतं आणि तरीही आपल्या जनुकाच्या शेजारचा तुकडा जुन्या वंशाचाच राहतो. दाहातलं कॅस्पेज-१ हे जनुक काढलेले उंदीर जीवघेण्या जंतुविषातून वाचतात, असं वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. २०११ साली कळलं की १२९ वंशात शेजारचं कॅस्पेज-११ मुळातच मोडकं होतं. वाचवलं होतं ते त्या शेजाऱ्याच्या गैरहजेरीने.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर माझी सर्वांत आवडती गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये सोफी व्होलाँ यांच्या गटाला साखरेला प्रतिसाद देणाऱ्या यूएसएफ-२ या जनुकात रस होता. ते काढलेल्या उंदरांच्या यकृतात आणि स्वादुपिंडात लोह साचलं. साखरेच्या जनुकाचा लोहाशी काय संबंध? संबंध नव्हताच. यूएसएफ-२च्या अगदी लगत हेप्सिडिनचं जनुक आहे आणि यूएसएफ-२ मोडताना तेही मुकं झालं होतं. हेप्सिडिन २५ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. ते यकृतात बनतं एवढं माहीत होतं आणि जंतुनाशक असावं असा समज होता, नावही त्यावरूनच पडलं. २००१ साली या उंदरांनी त्याचं खरं काम उघड केलं: ते शरीराच्या लोहाचं दार राखतं. पुढच्याच वर्षी त्याच गटाने उलटी परीक्षा घेतली. ज्या उंदरांत हेप्सिडिन जादा बनत होतं त्यांना तीव्र पंडुरोग झाला. २००४ साली समजलं की हेप्सिडिन पेशींच्या अंगावरच्या लोहाच्या दाराला, फेरोपोर्टिनला, चिकटतं आणि ते दार पेशीच्या आत ओढून घेतं. मग आतड्याने शोषलेलं लोह रक्तात उतरतच नाही. जुनाट आजारात आणि संसर्गात हेप्सिडिन वाढतं, म्हणून अशा रुग्णाला लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त चढत नाही. आपल्याकडच्या दवाखान्यांत हे रोज दिसतं.

पण हेप्सिडिन हृदय, मूत्रपिंड आणि काही दाहपेशींतही थोडं बनतं. मग दारवान नक्की कोण? २०१४ साली हेप्सिडिन फक्त यकृतपेशींतून काढलं. शरीरभर काढल्यावर जो लोहसंचयाचा आजार होत होता, तो इथे जसाच्या तसा झाला. रक्तातल्या लोहापुरता यकृतपेशी हाच दारवान. अपघाताने सापडलेल्या उत्तराला तेरा वर्षांनी ठिकाण मिळालं.

उंदरांबद्दल बोलायचं राहू नये. चारात एक पिल्लू कामाचं, त्याचं एक भावंड तुलनेसाठी, म्हणजे उरलेली दोन बहुधा जन्मून तशीच संपतात. हा आकडा मी कधी लपवत नाही. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० सालचा कायदा आहे, प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती आहे आणि तिच्यात बाहेरचा माणूस बसतो. कागद भरताना वैताग येतो. तरीही समितीने "इतके का?" असं विचारल्यावर माझ्या एका प्रयोगातले उंदीर निम्म्याने कमी झाले आणि निकाल तोच आला, हेही खरं. म्हणून क्रिस्परच्या जोरावर कुणी "चार नवे नॉकआउट करून बघू" म्हणालं की मी आधी विचारतो, काय बघणार आहेस?

आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. त्याचं यकृत अपोबी-४८ नावाचं चरबीवाहक प्रथिनही बनवतं, आपल्यात ते आतडंच बनवतं. तो रात्री जेवतो. ‘रात्रभर उपाशी ठेवलेला उंदीर’ असं शोधनिबंधात वाचलंत तर समजून घ्या, त्याचं दिवसभराचं जेवणच हुकलेलं आहे. यकृताच्या औषधांचे निकाल उंदरातून माणसात येताना गळतात, ते बऱ्याचदा अशा साध्या गोष्टींमुळे.

सर असते तर आत्ता त्यांनी घड्याळाकडे बघितलं असतं.  आता प्रश्न विचारा. समोर कॉलेजची मुलं दिसतायत, सुरुवात त्यांनी करावी. फक्त उंदीर हाताळताना चावतो का, हे विचारू नका; दर वेळी पहिला प्रश्न तोच येतो. चावतो.